एसओएस

घरी आल्यावरची पहिली रात्र मी आरामखुर्चीत बसून काढली. उजवा खांदा बदलून चार दिवस झाले होते. हात झोळीत, पाठीशी तीन उशा. संध्याकाळपर्यंत इतकं ठीक होतं की बघायला आलेल्या शेजारच्या वहिनींना मी म्हटलं, "अहो, काहीच दुखत नाही." अकराच्या सुमाराला ठणका सुरू झाला. एक वाजेपर्यंत तो मानेपासून कोपरापर्यंत भरला. दोन वाजता हे उठून बसले. "गोळी देऊ का?" मी म्हटलं, "थांबा, अजून सोसवतंय." पावणेतीनला सोसवेना, तेव्हा घेतली. तोवर उशीर झाला होता. एकदा भडकलेला ठणका गोळीला लवकर दाद देत नाही. उजाडेपर्यंत ह्यांनी माझा डावा हात सोडला नाही.

सुट्टीच्या कागदावर त्या गोळीपुढे इंग्रजीत तीन अक्षरं होती, एसओएस. आमच्या पिढीला ती ठाऊक आहेत बुडत्या जहाजाच्या संदेशामुळे. आम्ही दोघांनी एकच अर्थ काढला : अगदी जिवावर बेतलं तरच. खरा अर्थ पुढच्या तपासणीला कळला. चिठ्ठीवरचा एसओएस म्हणजे 'सि ओपुस सिट' या लॅटिन शब्दांचा संक्षेप. मराठीत, गरज पडल्यास. जहाजाचा काही संबंध नाही. मला राग आला तो याचाच. बिलाच्या खिडकीपाशी आम्ही दीड तास उभे होतो. त्या वेळात कुणीही हा कागद हातात घेऊन मराठीत समजावून दिला असता तर ती रात्र टळली असती.

रुग्णालयात मला दुखलं का नाही, तेही नंतरच उमगलं. ऑपरेशनच्या आधी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर करतात. त्याचा अंमल साधारण अर्धा दिवस ते एक दिवस टिकतो. तो उतरायच्या आतच शिरेतून पॅरासिटामॉलची बाटली सुरू झाली, आणि ती घड्याळ पाहून लागत होती. मला वाटत होतं खांदा शांत आहे. खरं तर दुखणं डोकं वर काढण्याआधीच कुणीतरी ते दाबून ठेवत होतं. घरी आल्याबरोबर तो पहारा उठला, आणि पहारा उठल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मुळात ऑपरेशनची वेळ आली तीही सोसण्यामुळेच. खांदा सहा वर्षं दुखत होता. फळीवरचा डबा काढता येईना, वेणी घालता येईना, तरी मी वयाचं दुखणं म्हणून सोडून देत राहिले. अखेर तपासलं तेव्हा खांदा उचलणारे आतले स्नायू फाटून आखडले होते आणि सांधा झिजला होता. मला बसवला तो उलटा सांधा. एरवी गोळा दंडाच्या हाडाला आणि वाटी खांद्याच्या पात्याला असते. यात गोळा पात्याला आणि वाटी दंडाला. मग फाटलेल्या स्नायूंचं काम वरचा जाड स्नायू, डेल्टॉइड, उचलतो. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली ही रचना आणली. माझ्यासारख्या कितीतरी जणींचा हात तिच्यामुळे पुन्हा डोक्यापर्यंत जातो.

माझी आई डोकं दुखलं की सुंठ उगाळून कपाळाला लावायची, वरून फडकं करकचून बांधायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. तिच्याबद्दल सगळे एकच शब्द वापरत, सोशिक. मुलगी दाखवतानाही तो शब्द पुढे करत. मी तो गुण म्हणूनच शिकले आणि ३१ वर्षं शाळेत शिकवताना मुलींनाही शिकवला. त्याबद्दल मला आज वाईट वाटतं. आईकडे दुसरा उपाय नव्हता, म्हणून तिचं सोसणं मोठं होतं. माझ्या उशाशी गोळी होती.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सुनेने फोन करून तपासणी अलीकडे ओढून घेतली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वही मागितली आणि स्वतःच्या हाताने वेळा लिहून दिल्या. पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी दर सहा तासांनी, दुखो न दुखो. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. सुरुवातीचे दिवस रात्रीची चुकवायची नाही, गजर लावायचा. ट्रामाडॉलची जास्त कडक गोळी फक्त पहिलीने भागलं नाही तर, आणि तीही दुखणं चढायला लागताच. तिने मळमळ होते, गरगरतं, पोट साफ होत नाही. म्हणून रोज इसबगोल, भरपूर पाणी, आणि रात्री एकटीने न्हाणीघरात जायचं नाही. नव्या खांद्यावर पडण्याइतकं वाईट काही नाही.

किडनीचा प्रश्न मी विचारलाच, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण तो काढत होता. त्यांनी नीट उत्तर दिलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या वयस्कर माणसाला, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल त्याला अपाय करू शकतात. त्या मनाने घ्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉलची मर्यादा वेगळी, ती जास्त झाली तर लिव्हरला धोका. माझ्यासाठी त्यांनी दिवसाला तीन ग्रॅमची हद्द घातली. आमच्या चार गोळ्या २.६ ग्रॅम होतात. पण सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, हे मला माहीतच नव्हतं. शिंक आली म्हणून मी ती सहज घेतली असती.

मग त्यांनी विचारलं, शून्य ते दहात किती दुखतं? मला आकडा सांगता येईना. मी म्हटलं, दंडात ठणका आहे, हात हलवला की कळ येते, टाक्यांपाशी आग होते, करंगळीला मुंग्या येतात, आणि झोपेत अचानक चमक भरते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आजी, हे आकड्यापेक्षा बरं आहे."

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली दुखण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखणं सांगणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत. दुखणं किती आहे याइतकंच ते कसलं आहे हे महत्त्वाचं, ही त्यामागची दृष्टी. ठणका, ठसठस, कळ, चमक, लचक, उसण, आग, सल, शूळ, रग, शिणवटा : आपल्याकडे ही यादी घरोघर तयार आहे, आणि दवाखान्यात गेलं की आपण ती गिळून नुसतं "दुखतंय" म्हणतो.

माझ्या प्रत्येक शब्दाला वेगळं उत्तर मिळालं. ठणका सुजेचा होता, त्यावर बर्फ. मटारची गोठलेली पिशवी पंचात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. कळ व्यायामाची, म्हणून व्यायामाआधी पाऊण तास गोळी. मुंग्या झोळीमुळे; पट्टा ओढलेला होता आणि मनगट लोंबत होतं. तो नीट बांधला, तासातासाला बोटं आणि मनगट हलवायला लागले, दोन दिवसांत मुंग्या गेल्या. झोपेतली चमक कोपर पाठीमागे घसरल्याची. उताणं झोपलं की दंडाखाली घडी घातलेली दुलई हवी आणि मान न उचलता आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. या एका सूचनेने माझी झोप परत आली. आगीबद्दल मात्र बजावलं : लाली पसरली, पाणी आलं, ताप चढला तर वाट बघायची नाही. पोटरी सुजली, दम लागला किंवा खांद्याचा आकार एकाएकी बदलला, तरीही तसंच.

शेकायला मिठाची पुरचुंडी आणि चोळायला तेल घेऊन आलेल्या माणसांना मी हात जोडून परत पाठवलं. त्यांची माया खरी होती. पण ताज्या टाक्यांवर ते चालत नाही.

काही दुखणी गोळीच्या बाहेरची असतात. उजवा हात बांधलेला, म्हणून जेवण डाव्या हाताने. सत्यनारायणाचा प्रसाद डाव्या हातात घेताना माझे डोळे भरून आले. साडी सहा आठवडे नाहीच, पुढून बटणांचा गाऊन. ४३ वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदा माझे केस विंचरले. गुंता काढताना ते इतके हळू हात चालवत की एका वेणीला अर्धा तास जाई. त्या अर्ध्या तासात मला खांद्याची आठवण येत नसे.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींनी तिसऱ्या आठवड्यात हळूच विचारलं, "बाई, तुमच्यातली एक गोळी द्याल?" त्यांचाही खांदा दोन वर्षं दुखतो. दुकानातून सुटी गोळी घ्यायची आणि पाच घरची भांडी घासायची, असा त्यांचा क्रम. कुठली गोळी, त्यांना माहीत नाही. रक्तदाब आहे. मी गोळी दिली नाही, आणि न देताना फार जड गेलं. त्यांच्या आकांताची हाक ऐकायला मला स्वतःचा खांदा कापून घ्यावा लागला. सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत त्यांना आता दोनदा नेलं आहे. दुसऱ्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना स्वतःच सांगितलं, कळ कुठे येते आणि रग कुठे लागते. त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, हे पाचांपैकी तीन घरांनी मान्य केलं आहे.

माझी झोळी सुटून आठ दिवस झाले. गोळ्या दिवसाला दोनवर आल्या आहेत. हा लेख मी डाव्या हाताने सुरू केला होता, शेवटची पानं उजव्याने लिहिली.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर सुट्टीचा कागद तसाच पिशवीत घालू नका. प्रत्येक गोळीपुढे वेळ मराठीत लिहून मागा, आणि एसओएस दिसलं तर तिथेच थांबून विचारा, गरज म्हणजे नेमकं कधी.