आरोग्यविचार : जबड्यावरील गांठ

"गांठ" हा शब्द कानीं पडतांच आपल्या घरांतून दोन प्रकारची माणसें दिसून येतात. कांहीं जण तत्काळ कर्करोगाची कल्पना करून हातपाय गाळतात. कांहीं जण "दाढ सुजली असेल" असें म्हणून लवंगेचें तेल व हळदीचा लेप यांवर महिनेच्या महिने काढतात. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. चेहरा व जबडा यांच्या हाडांत उद्भवणाऱ्या गांठींपैकीं कित्येक सौम्य असतात. परंतु सौम्य म्हणजे सर्वथा उपेक्षणीय नव्हे. हा विवेक वाचकांस करतां यावा, एवढाच आमचा हेतु आहे.

हाडाची फाजील वाढ आपल्या पूर्वाचार्यांस अपरिचित नव्हती. चरक व सुश्रुत या दोघांनींहि अस्थिधातूच्या विकारांत 'अध्यस्थि' म्हणजे अधिक हाड व 'अधिदंत' म्हणजे अधिक दांत यांची गणना केली आहे. अर्बुद हें स्थिर, मंद वेदनेचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें असतें, असें सुश्रुत सांगतो. यांतील शेवटचीं दोन लक्षणें गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. दाढेच्या गळवाची सूज चार दिवसांत येते आणि ठणकते. हाडाची गांठ महिन्या-वर्षांनीं वाढते व बहुधा दुखत नाहीं. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतें.

यांतील सर्वांत निरुपद्रवी प्रकार म्हणजे टाळूच्या मध्यरेषेवर किंवा खालच्या जबड्याच्या आंतल्या बाजूस येणारा हाडाचा उंचवटा. पुष्कळांस तो असतो आणि कवळी बसवितांना प्रथमच कळतो. कवळीस अडथळा होत नसेल तर त्यास हात लावण्याचें कारण नाहीं.

दुसरा प्रकार 'ऑस्टिओमा', म्हणजे पक्व हाडाचीच गांठ. ती जबड्यावर अथवा कपाळाच्या हाडांतील पोकळींत होते. एकटी असून त्रास देत नसेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. परंतु एकाच माणसास अशा अनेक गांठी असतील, तर मात्र सावध व्हावें. अमेरिकेंतील एल्डन गार्डनर यांनीं १९५१ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें कुटुंब वर्णिलें आहे. या विकारांत हाडांच्या गांठींबरोबर मोठ्या आंतड्यांत असंख्य अंकुर उगवतात व उपचार न केल्यास त्यांतून कर्करोग होणें जवळजवळ निश्चित असतें. हा दोष आईबापांपैकीं एकास असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. हाडाची गांठ कित्येकदां आंतड्याच्या लक्षणांआधीं दिसते. अशा वेळीं ती साऱ्या कुटुंबास मिळालेली पूर्वसूचनाच होय. भावंडें व मुलें यांची तपासणी वेळीं झाली तर जीव वांचतात.

तिसरा प्रकार 'फायब्रस डिस्प्लेशिया'. यांत हाडाच्या जागीं तंतुमय व अपक्व हाड येतें. बहुधा लहानपणींच एका बाजूचा गाल फुगूं लागतो व वयांत आल्यावर ही वाढ बहुतेक मंदावते. मुलीस असें झालें कीं घरांत कुजबुज सुरू होते आणि स्थळें पाहतांना ती गोष्ट झांकण्याकडे कल होतो. आम्ही निक्षून सांगतों कीं हा विकार आनुवंशिक नाहीं. गर्भ राहिल्यानंतर त्याच्या एखाद्या पेशींत घडलेल्या बदलानें तो होतो. तेव्हां आईच्या कुळास बोल लावणें किंवा मुलीचें लग्न अडविणें यांस शास्त्राचा आधार नाहीं. गांठ जाळण्यासाठीं किरणोपचार मात्र करूं नयेत. त्यांनीं ती घातक होण्याचा धोका असतो.

चौथा 'अॅमिलोब्लास्टोमा'. हा खरें पाहतां हाडाचा नसून दांत घडविणाऱ्या पेशींचा. पण तो वाढतो जबड्याच्या हाडांतच, बहुधा खालच्या दाढांपाशीं. दूरच्या अवयवांत तो क्वचितच जातो, म्हणून सौम्य म्हणावयाचा; परंतु हाड पोखरीत जातो व नुसता खरवडून काढल्यास पुष्कळदां पुन्हां उद्भवतो. म्हणून शस्त्रवैद्य भोंवतालचें कांहीं निरोगी हाडहि काढतात व जरूर तर पायांतील बारीक हाड घेऊन जबडा पुन्हां घडवितात. विलंबानें आलेल्या रोग्याचा जबडाहि अधिक जातो, हें विसरूं नये.

नुसत्या डोळ्यांनीं हे प्रकार ओळखतां येत नाहींत. त्यासाठीं क्ष-किरणांचें चित्र व जरूर तर गांठीचा लहानसा तुकडा तपासणें आवश्यक असतें. तीन आठवड्यांत न उतरणारी सूज, विनाकारण हलणारे दांत, एका बाजूनें वाढणारा चेहरा, यांपैकीं कांहींहि आढळल्यास दंतवैद्यास दाखवावें. खालचा ओठ बधिर झाला किंवा गांठ झपाट्यानें वाढूं लागली, तर एक दिवसहि दवडूं नये.

एकत्र कुटुंबांत सुना-मुली आपलें दुखणें सहसा बोलून दाखवीत नाहींत. मग न दुखणाऱ्या गांठीविषयीं त्या काय बोलणार? यास्तव घरांतील वडील मंडळींनीं आपण होऊन चौकशी करावी, आणि तपासणीस नेतांना सोबत जावें.