पदवी आणि सातबारा

ग्रामीण भागात महाविद्यालय कशासाठी असते, असे कोणी विचारले तर ‘ज्यांना शहरात जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी’ असे उत्तर आपण चटकन देतो. मला हे उत्तर मान्य नाही. त्यामुळे आपले महाविद्यालय म्हणजे शहरातील महाविद्यालयाची अपुरी नक्कल ठरते आणि आपण विद्यार्थी केवळ नाइलाजाने येथे आलेले ठरतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी असे मानले नव्हते. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली साताऱ्यास ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. गरिबाच्या मुलाने कोणापुढे हात न पसरता स्वतःच्या श्रमावर शिकावे, हा त्यामागचा विचार. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे मुले हाताने काम करीत विज्ञान शिकतात. खेड्यातील शिक्षण खेड्याच्या गरजेतून घडविता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले.

मग आपल्या मुळशीची गरज कोणती? मी भुकूमची. पौड रस्त्याच्या कडेला जेथे भाताची खाचरे होती, तेथे आता बंगले आणि इमारती उभ्या राहत आहेत. जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. ४० गुंठ्यांचा एकर हातातून जायला एक सही पुरते. आणि ती सही करणाऱ्या घरात शिकलेले माणूस पुष्कळदा एकच असते : कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी. आमच्या घरी कसलाही कागद आला की आजोबा तो माझ्यापुढे ठेवतात. “बी.ए.ला हायेस ना? वाच.” मराठी मला येते, पण फेरफार, इतर हक्कातील बोजा, हक्कसोडपत्र ही मराठी आम्हाला कोणत्याच तासाला भेटत नाही. सातबारा आता घरबसल्या संगणकावर मिळतो, पण तो समजावून कोण देणार? २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरीही आपल्या वर्गातील कितीजणींना हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ लावता येईल?

माझी सूचना साधी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. चार छायाचित्रे आणि वीस पानी अहवाल एवढ्यावर ते उरकू नयेत. त्या तासांना तलाठी, वकील, भूमापक यांना बोलवावे. प्रत्येकाने आपल्या गावचा एक सातबारा जुन्या फेरफारांसह वाचावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी १९२१ ते १९२४ च्या मुळशी सत्याग्रहाच्या, घराघरांतून चालत आलेल्या आठवणी टिपून घ्याव्यात. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या जमिनींसाठी मावळे लढले, त्या आपल्याच तालुक्यातल्या होत्या. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुलांकडे झाडलोटीबरोबर गावकऱ्यांचे अर्ज लिहून देण्याचेही काम असावे. झाडलोट हलकी नव्हे. पण त्या मुलाचे शिक्षणही श्रमात उतरले पाहिजे.

काही गुरुजन म्हणतील, महाविद्यालय म्हणजे तलाठ्याची चावडी नव्हे. अगदी खरे. ज्ञानेश्वरीचा तास कमी करून सातबाऱ्याचा वाढवा, असे मी म्हणत नाही. उलट ‘खेड्यातल्या पोरांना वाङ्मय कशाला हवे?’ असे विचारणाऱ्याशी मी भांडेन. आपल्यापैकी कित्येकजण पिरंगुटच्या कारखान्यात रात्रपाळी करून तसेच सकाळी वर्गात येऊन बसतात. ते केवळ नोकरीसाठी नव्हे. त्यांना दोन्ही हवे आहे : मनाला मोठे करणारे पुस्तक आणि घर सांभाळणारा कागद. शहरातल्या मुलाला दुसरी गोष्ट बहुधा घरीच कळते. आपल्याला ती सांगणारे घरात कोणी नाही, म्हणून ती महाविद्यालयाने सांगितली पाहिजे.

तेव्हा पुढील वर्षी निदान एका वर्गाने, एका गावापुरता हा प्रयोग करून पाहावा, अशी सर्व गुरुजनांना आणि विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. भुकूमचे कागद गोळा करण्याचे काम मी आजच अंगावर घेते.