विश्लेषण : आकाशवाणीच्या संकेतधुनीचा कर्ता विस्मृतीत का गेला?

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तंबोऱ्याच्या साथीने वाजणारी व्हायोलिनची छोटी संकेतधून तेव्हापासून विदर्भातल्या कित्येक घरांची सकाळ झाली. ज्यांना या धुनीचे श्रेय दिले जाते, ते वॉल्टर कॉफमन त्याआधी दोन वर्षे भारत सोडून गेले होते. धून घराघरांत पोहोचली, नाव मात्र पोहोचले नाही.

कॉफमन कोण होते?

कॉफमन यांचा जन्म १९०७ मध्ये कार्ल्सबाडच्या (आजचे कार्लोव्ही व्हारी, चेक प्रजासत्ताक) जर्मनभाषक ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले. नाझी सत्तेची सावली पडताच १९३४ मध्ये ते मुंबईत आले. सुरुवातीला कानाला परके वाटलेले भारतीय संगीत समजून घेण्यासाठी ते येथे बारा वर्षे राहिले. बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी करताना मेहली मेहता त्यांच्या साथीला होते. १९३७ ते १९४६ या काळात मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताची धुरा त्यांच्याकडे होती. संकेतधून इतर संगीतकारांच्या नावावरही सांगितली जाते. मात्र बहुतेक अभ्यासकांचे मत कॉफमन यांच्या बाजूने आहे.

रेडिओवर ऑपेरा कसा?

कॉफमन यांनी १९३८ मध्ये ‘अनसूया’ हा रेडिओसाठीचा ऑपेरा रचला. ऑपेरात कथा प्रामुख्याने गाण्यातून पुढे सरकते. ऑपरेटा त्याचे हलकेफुलके भावंड. त्यात संवाद आणि गाणी हातात हात घालून चालतात. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ डोक्यावर घेणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हा प्रकार परका वाटू नये. पुढे आकाशवाणीवर ‘संगीतिका’ रुजली, ती याच ओढीतून. पण १९३०-४० च्या दशकांत बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित होत. प्रसारण संपले की संगीतही हवेत विरे.

जर्मनीत वेगळे काय घडले?

फ्रान्झ मार्शालेक यांचे उदाहरण बोलके आहे. ऑपरेटा हेच त्यांचे खास क्षेत्र. दुसऱ्या महायुद्धानंतर कोलोन रेडिओच्या वाद्यवृंदाचे संचालन करताना त्यांनी जुन्या ऑपरेटांचे रेडिओसाठी मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रण केले. त्या फिती जपल्या गेल्या आणि पुढे सीडीरूपाने बाजारात आल्या. मार्शालेक १९७५ मध्ये गेले. आजचा श्रोता त्यांना ऐकू शकतो. हा फरक केवळ प्रतिभेचा नाही, तर जतनाच्या सवयीचा आहे.

आपल्याकडे अडले कुठे?

आकाशवाणीने काहीच जपले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये सुरू झालेले ‘गीतरामायण’ आजही घरोघरी ऐकले जाते. प्रसार भारतीने संग्रहातील निवडक ध्वनिमुद्रणे सीडी आणि यूट्यूबवरही आणली आहेत. पण निवड बहुधा दिग्गजांची होते. केंद्रावरचा वादक, स्थानिक संगीतकार, एकदाच वाजलेली संगीतिका यांचा नंबर लागत नाही. त्यातच स्टाफ आर्टिस्टची व्यवस्था आक्रसत गेली. जुन्या फितीवर कोण वाजवत आहे, हे आवाजावरून सांगणारी माणसे कमी होत आहेत.

मग करायचे काय?

डिजिटायझेशनला पैसा लागतो आणि कलावंतांच्या हक्कांचे प्रश्न सोडवावे लागतात, हा आक्षेप खरा आहे. पण यादी करायला मोठा निधी लागत नाही. नागपूरसह प्रत्येक केंद्राने आपल्या संग्रहाची सूची खुली करावी : कार्यक्रमाचे नाव, तारीख, गायक, वादक, संगीतकार. सूची लोकांसमोर आली की निवृत्त कलावंत आणि जुने श्रोते गाळलेल्या जागा भरतील. विद्यापीठांच्या संगीत विभागांना त्यात संशोधनाचे विषयही सापडतील.

कॉफमन पुढे कॅनडात विनिपेग सिम्फनीचे संचालक झाले, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आला. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव वाचले, कारण परदेशातील संस्थांनी नोंदी ठेवल्या. सिव्हिल लाइन्समधल्या स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या वादकाला असे दुसरे दार नसते. त्याचे नाव टिकवण्याची जबाबदारी केंद्राचीच आहे.