मोटारीचे काळीज

गेल्या दिवाळी अंकात या सदरात आमच्या गळक्या छपराची कहाणी सांगितली होती. तेव्हा ‘पुढच्या खेपेला काही चालते-फिरते लिहा’ अशी सूचना एका वाचक भगिनींनी केली. यंदा चालत्या-फिरत्या वस्तूवरच लिहितो आहे. मात्र ती वस्तू वर्षातले पाच महिने चालत-फिरत नव्हती, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमच्या दारी 1970 सालची अँबॅसडर आहे. मार्क दोन. तीर्थरूपांनी ती 1976 साली दुसऱ्या हातची घेतली. तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती, बोईसरला कारखाने उभे राहत होते, आणि पालघरात मोटार असलेले घर लोक पत्त्यासारखे सांगत. वडील गेले, मोटार राहिली. दरवर्षी चैत्रात आई तिच्यात बसून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जाते. दुसरी, नवी गाडी घरात आहे; पण आईच्या लेखी ती नातवंडांची गाडी आणि ही ‘आपली’.

यंदाच्या चैत्रात वाघोबा खिंडीच्या चढावर या आपल्या गाडीने मान टाकली. आधी टकटक, मग निळा धूर, मग काहीच नाही. मनोरकडे जाणारे ट्रक आमच्या कानाशी भोंगे वाजवीत जात होते. आई दोन तास रस्त्याच्या कडेला रुमालाने वारा घेत बसली. ती एका शब्दानेही रागावली नाही, आणि तेच मला जास्त लागले. तिचे वय आता ब्याऐंशी. पुढच्या चैत्राची खात्री मोटारीचीच नव्हती असे नाही.

गाडी ओढून बोईसरला नेली. तिथे चित्रालय भागात आमचे एक जुने मिस्त्री आहेत. आधी कारखान्यात लेथवर होते, आता मोटारी पाहतात. त्यांनी चारही प्लग काढून सिलिंडरचा दाब मोजला. दोन सिलिंडर बरे निघाले, दोघांचा दाब पार बसलेला. मग त्या दोघांत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. एकाचा दाब वर चढला, दुसऱ्याचा तसाच.

“ज्याचा चढला त्याच्या रिंगा गेल्या, भिंती झिजल्या,” मिस्त्री म्हणाले. “तेलानं फट तेवढ्यापुरती भरली. ज्याचा चढला नाही त्याचा व्हॉल्व्ह जळाला आहे. साहेब, आता इंजिन उघडायचं की बदलायचं, ते तुम्ही ठरवा.”

तो प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि घराची संसद झाली.

अमेरिकेत मिशिगनला माझा भाचा असतो. त्याच्याकडे 1969 सालची शेव्हरोले कॅमेरो आहे. तिकडे 1964 सालच्या पॉन्टिअॅक जी.टी.ओ.पासून अशा गाड्यांचे युगच आले होते: मध्यम आकाराची मोटार घ्यायची आणि तिच्यात आठ सिलिंडरचे भले थोरले इंजिन बसवायचे. ‘मसल कार’ म्हणतात त्यांना. आपण पैलवान मोटार म्हणू. भाच्याने आपल्या पैलवानाचे काळीज नुकतेच बदलले. सव्वासहा लिटरच्या आसपासचे, चारशे तीस अश्वशक्तीचे कोरे इंजिन कंपनीकडून लाकडी खोक्यात बंद होऊन येते म्हणे, आंब्याच्या पेटीसारखे! तो फोनवर म्हणाला, “मामा, जुनं कशाला उकरता? ताकदवान बसवून टाका.”

आता अँबॅसडरला असे ताकदवान काळीज खुद्द तिच्या कारखान्यानेच एकदा दिले होते. आमच्या गाडीतले इंजिन मूळ इंग्रजी वंशाचे, 1489 सी.सी.चे, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचे. 1990 नंतरच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने जपानच्या इसुझूचे 1817 सी.सी.चे इंजिन याच देहात बसवले. पाऊणशेच्या आसपास अश्वशक्ती, शिवाय चाराऐवजी पाच गिअर. 2014 साली उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला, तरी मोडीत निघालेल्या गाड्यांची अशी इंजिने कुर्ल्याच्या बाजारात शोधली तर सापडतात. मिस्त्रींच्या ओळखीने एक सापडलेही. मी हरखलो. दीडपट जोर! वाघोबाची खिंड टॉप गिअरमध्ये चढण्याची स्वप्ने पडू लागली.

ती स्वप्ने मिस्त्रींनीच मोडली, आणि कशी मोडली ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. कारण जुन्या मोटारीच्या मोहात पडलेली बरीच मंडळी इथेच फसतात. इंजिन एकटे येत नाही. त्याचा गिअरबॉक्स त्याच्याबरोबर येतो. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट कापून पुन्हा तोलून घ्यावा लागतो. इंजिन ज्या रबरी पायांवर बसते ते पाय नव्या जागी वेल्डिंग करून आणावे लागतात. जास्त जोर म्हणजे जास्त उष्णता, म्हणून रेडिएटर मोठा हवा. आणि एवढे करून गाडी पळू लागली की ती थांबवायची कशाने? आमच्या गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. वेग दीडपट झाला तर तो जिरवण्याचे काम सव्वादोनपट होते, दीडपट नव्हे. म्हणजे ब्रेक आले, त्यामागून पुढचे सस्पेन्शन आले. मिस्त्रींच्या अंदाजात हा सोबतचा वऱ्हाडखर्च इंजिनाच्या दुप्पट निघाला.

“आणि कागद?” त्यांनी विचारले.

कागदाची गोष्ट आम्ही विसरलोच होतो. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की निर्मात्याने ठरवलेल्या घडणीशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही; इंजिन बदलायचे तर परिवहन कचेरीची परवानगी हवी. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ घडणीतल्या फेरफारांविरुद्ध निकाल दिला. परवानगीवाचून बदल केला आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीला पाठ फिरवायला आयते निमित्त. त्यात 2021 सालच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात सांभाळलेल्या मोटारींना ‘विंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली आहे. काळीज बदलले की तो मान हुकला. अर्थात तो मान घेतला तर गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची, रोजच्या कामाला नाही. म्हणून आम्हाला तो नकोच होता. पण पुढे मुलाला हवासा वाटला तर? त्याची वाट मी का बुजवावी?

इतके होऊनही माझे मन त्या जपानी इंजिनावरून निघेना. एके रात्री जेवताना मी पाच गिअरचे कौतुक करीत होतो. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, पण तो गिअरचा दांडा असतो कुठे?”

“खाली, दोन सीटांच्या मध्ये.”

आईने ताटातला हात थांबवला. “म्हणजे पुढची अखंड सीट काढणार? मग छोटी कुठे बसेल?”

वाचकहो, जुन्या अँबॅसडरचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो, म्हणून पुढची बैठक एकसंध असते. तिथे मधल्या जागेवर मी बसलो, मग माझा मुलगा, आणि आता माझी नात. आणि खिडकीशी नेहमी आई. इतका हिशेब केला, त्यात ही जागा मी धरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन केला: उघडा.

मग जे झाले ते लाकडी खोक्यातल्या चमत्काराइतके झगझगीत नाही. चारही सिलिंडर चाळीस ‘थाव’, म्हणजे साधारण एक मिलिमीटर, वाढवून घेतले आणि त्या मापाचे पिस्टन घातले. एवढ्यानेही क्षमता चाळीसेक सी.सी.नी वाढते, हे मी भाच्याला मुद्दाम कळवले. क्रँक घासून नवी बेअरिंगे बसवली. व्हॉल्व्हच्या खाली कठीण पोलादाच्या बैठका घातल्या. कारण हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलेले. त्या शिशाचा पातळ लेप व्हॉल्व्हच्या बैठका राखत असे, आणि 2000 साली देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. आमचा जळालेला व्हॉल्व्ह त्याचाच बळी असावा, असे मिस्त्रींचे मत. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुने रबर खाते. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीचा टाकला. इंजिनाचा क्रमांक जिथला तिथे राहिला.

या सगळ्याला पाच महिने लागले. सुटे भाग मिळवणे हाच त्यातला मोठा भाग. काम म्हणाल तर पंधरा दिवसांचे.

नवरात्रात आईला घेऊन निघालो. पहिली हजार किलोमीटर दामटायची नाही, अशी मिस्त्रींची सक्त ताकीद. खिंडीच्या पायथ्याशी तिसरा टाकला, अर्ध्या चढावर दुसरा. मागून एक ट्रक भोंगा वाजवू लागला. नात मधल्या जागेवर गुडघ्यांवर उभी राहून मागे वळून त्याला हात करीत होती. आई म्हणाली, “घाई करू नकोस रे, जाऊ दे त्याला पुढे.” वाघोबाच्या देवळापाशी मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले नाही, आणि नारळ घेऊन उतरलो.