वेगवान गाडीची पादत्राणे

कामरेजवरून जाणारा महामार्ग आमच्या पिढीने आठ क्रमांकाचा म्हणून ओळखला. आता तो अठ्ठेचाळीस क्रमांकाचा झाला आहे. गायकवाडी अमलात नवसारी प्रांताचा एक महाल असलेले हे गाव आज मुंबई, अहमदाबाद आणि सौराष्ट्र यांच्या वाहतुकीचा सांधा आहे. मालमोटारींच्या त्या अखंड रांगेत हल्ली एखादी बुटकी, रुंद चाकांची, गुरगुरणारी गाडीही शिरलेली दिसते. हौसेने ती घेणाऱ्यांत आपल्या मराठी घरांतले तरुणही आहेत. गाडी घेताना घरात महिनाभर चर्चा होते; टायर बदलताना मात्र दुकानदार देईल तो माल मुकाट्याने चढवला जातो. या उदासीनतेचे आम्हांस नवल वाटते, कारण ताशी शंभराच्या वेगाने धावणाऱ्या गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांपुरताच. इंजिन कितीही बलवान असो, ब्रेक कितीही तीक्ष्ण असोत, त्यांचे सारे सामर्थ्य त्या चार तुकड्यांतूनच रस्त्यावर उतरते.

सुरतेला अशा गाड्यांची ओळख नवी नाही. सचिन तेंडुलकर यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, त्याप्रीत्यर्थ फियाट कंपनीने त्यांना २००२ मध्ये मायकेल शूमाखर यांच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना ही गाडी दिली. तिच्या आयातशुल्कावरून पुढे बराच गदारोळ झाला आणि अखेर ते शुल्क कंपनीने भरले, हे वाचकांस स्मरत असेल. तीच गाडी २०११ मध्ये सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. या जातीच्या गाडीला पुढे २१५/४५ आणि मागे २७५/४० मापाचे टायर लागतात. चाके चारही १८ इंची. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा सांगतो, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती आहे. मागच्या चाकांना इंजिनाचा जोर पेलायचा असतो म्हणून तेथले टायर रुंद. साहजिकच पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून झीज सारखी करण्याची आपली नेहमीची युक्ती येथे चालत नाही.

मापानंतर एक आकडा व एक रोमन अक्षर येते. ‘९१ व्ही’ याचा अर्थ हा टायर ६१५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटर वेग सोसू शकतो. ‘एच’ असेल तर २१०, ‘डब्ल्यू’ असेल तर २७०, ‘वाय’ असेल तर ३००. दोनशे चाळीसच्या वेगाने कामरेजहून कोठे जायचे आहे, असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. तरीही गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अक्षरापेक्षा खालचा टायर घेऊ नये. त्या अक्षरामागे टायरची उष्णता सोसण्याची ताकद असते आणि वैशाखात भर दुपारी आपल्याकडचे डांबर वेगाविनाही टायरला पुरेसे भाजून काढते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मते या भागात टायर निवडावा तो पावसाकडे पाहून. शर्यतीच्या धावपट्टीसाठी बनवलेले मऊ रबराचे, कमी खाचांचे टायर कोरड्या रस्त्याला घट्ट धरतात, आणि तरुणांना भुरळ पडते ती त्यांचीच. आषाढात तापीकाठच्या रस्त्यावर बोटभर पाणी साचले, की त्याच टायरांना पाणी बाजूला सारायला वाट उरत नाही; गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि मग सुकाणू फिरवले तरी तिला कळत नाही. टायर जितका रुंद आणि जितका झिजलेला, तितका हा धोका कमी वेगातच उभा राहतो. झीज दाखवणारे छोटे उंचवटे खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटरवर असतात. कायद्याची मर्यादा ती असली, तरी जोरदार पावसाच्या प्रदेशात खाच तीन मिलिमीटरवर आली की टायर उतरवावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

मोठे रिम बसवण्याची हौसही अशीच. २०५/५५ सोळा इंचीच्या जागी २२५/४५ सतरा इंची घातला, तर चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, वेगदर्शक काटाही फसत नाही. पण बाजूचे रबर सुमारे अकरा मिलिमीटरांनी कमी होते, आणि पावसाळ्यातला पहिला खड्डा त्याची आठवण करून देतो. टायरला फुगा येणे, रिम वाकणे हे सारे त्यातूनच उद्भवते.

हौसेची गाडी बहुधा रविवारीच बाहेर पडते. त्यामुळे तिच्या टायरांची नक्षी वर्षानुवर्षे शाबूत दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. परंतु कपाटात ठेवलेली पैठणी जशी न नेसताही घडीवर विरते, तसे रबरही न झिजता म्हातारे होते. ते कडक पडते, बारीक चिरा जातात, ओल्या रस्त्यावरची पकड सुटते. प्रत्येक टायरवर चार आकडी जन्मतारीख असते. ‘२४२३’ म्हणजे २०२३ सालचा चोविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही सुंदर असो, टायर ठेवू नये. नवे घेतानाही हा आकडा स्वतः वाचावा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले. परदेशी, दुर्मिळ मापांचा माल त्यानंतर सहज मिळेनासा झाला. अशा मापाचा टायर मोठ्या सवलतीत समोर आला, तर तो गोदामात किती वर्षे निजला होता हे पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. नेहमीच्या मापांसाठी परदेशाकडे पाहण्याचे कारणही नाही. हालोलला सिएटचा, बडोद्याजवळ लिमडा येथे अपोलोचा आणि इंदूरजवळ खेडा येथे ब्रिजस्टोनचा कारखाना आहे.

चारही टायर एकाच जातीचे असावेत. खर्चामुळे दोनच घ्यावे लागले आणि मापे चारही सारखी असली, तर नवे टायर मागे चढवावेत. येथे पुष्कळ कारागीर वाद घालतात, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर हमखास. पण पुढची चाके पावसात घसरली, तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवतीच फिरते, आणि तेथे भल्याभल्यांचे कसब अपुरे पडते.

हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासावी. तापमान साडेपाच अंशांनी चढले की हवेचा दाब सुमारे एक पौंड वाढतो; म्हणून सुरतेहून तापून आलेल्या टायरातली हवा कोणाच्या सांगण्यावरून सोडू नये. नवे टायर चढवल्यावर बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे. साच्यातून निघताना लागलेला चिकट थर निघून जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, गाडी जपून चालवावी. वळणे व ब्रेक दोन्ही हलक्या हाताने.