पाचव्या कलमाचे दुसरे दार

१७८७ सालच्या सप्टेंबरच्या १५ तारखेस, फिलाडेल्फिया येथील परिषदेचे काम आटोपत आले असता आणि बंद दारांआड चाललेल्या चार महिन्यांच्या वादविवादाने शिणलेले सभासद घरी परतण्यास उत्सुक झाले असता, व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी अमेरिकेच्या नियोजित घटनेतील दुरुस्तीच्या कलमावर एक मूलगामी हरकत घेतली. मसुद्याप्रमाणे दुरुस्ती सुचविण्याची सत्ता अखेरीस काँग्रेसच्या, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळाच्याच, हाती राहत होती. आणि ते कायदेमंडळच उद्या जुलमी झाले तर त्या जुलमावरचा इलाज जुलूम करणाऱ्याच्याच परवानगीने कसा मिळावयाचा, असा मेसन यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता. मॉरिस आणि गेरी या सभासदांनी लगेच सुधारणा मांडली, ती मंजूर झाली, आणि पाचव्या कलमास दुसरे दार मिळाले: दोन-तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज केल्यास काँग्रेसने दुरुस्त्या सुचविण्यासाठी परिषद बोलावलीच पाहिजे, आणि कोणत्याही वाटेने आलेली दुरुस्ती तीन-चतुर्थांश राज्यांच्या मान्यतेनंतरच घटनेत दाखल व्हावी.

आज राज्ये ५० आहेत. म्हणजे परिषदेसाठी ३४ राज्यांचे अर्ज हवेत आणि मान्यतेसाठी ३८ राज्यांचा होकार हवा. आजवर त्या घटनेत २७ दुरुस्त्या झाल्या, त्या सर्व काँग्रेसने सुचविलेल्या. दुसरे दार एकदाही उघडले गेले नाही. उंबरठ्यापर्यंत मात्र लोक अनेकदा आले. विधिमंडळांतील मतदारसंघांच्या वाटणीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दिलेल्या निर्णयाविरुद्ध १९६९ पर्यंत ३३ राज्यांनी अर्ज केले; सरकारच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी घटनेनेच बंधनकारक करावी, यासाठी १९८३ पर्यंत ३२ राज्ये पुढे आली, आणि पुढे त्यांतील काहींनी आपले अर्ज मागे घेतले. मध्यवर्ती सत्तेस आणि तिच्या खर्चास लगाम घालू पाहणाऱ्या, २०१३ साली सुरू झालेल्या चळवळीने २०२२ पर्यंत १९ राज्ये मिळविली. दुसऱ्या टोकाचे लोक निवडणुकीतील धनशक्तीविरुद्ध हाच मार्ग धरू लागले आणि २०१४ साली व्हर्मॉंट व कॅलिफोर्निया यांनी तसे अर्ज केले. याच्या उलट, डेलावेअरने २०१६ साली आणि मेरीलँड, न्यू मेक्सिको व नेवाडा यांनी २०१७ साली आपले जुने अर्ज रद्द करून टाकले, कारण परिषदेचे नाव काढताच त्यांना घटनेचा विध्वंस दिसू लागला.

माझ्या मते ही भीती अप्रमाण आहे आणि तिच्यापायी हे दार खिळे ठोकून बंद करणे हा घटनेचाच अवमान आहे. परंतु परिषदेचे नियम कायद्याने आधी ठरल्यावाचून ते दार लोटणे हाही अविचार आहे. पहिल्या विधानासाठी खंडन आवश्यक आहे, दुसऱ्यासाठी मंडन.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात पुरुषार्थ नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे असे. फिलाडेल्फियाची परिषद केवळ आधीच्या राज्यसंघाच्या करारनाम्यात सुधारणा करण्यासाठी बोलावलेली होती, आणि २१ फेब्रुवारी १७८७ च्या ठरावात काँग्रेसने तिचा तेवढाच हेतू नमूद केला होता; तरी तिने तो करारनामा बाजूस सारून नवी घटना लिहिली, आणि सुधारणेस तेराही राज्यांचे एकमत हवे, ही जुनी अट मोडून नऊ राज्यांच्या मान्यतेवर घटना अंमलात येईल असे स्वतःच ठरविले. जिने एकदा हद्द ओलांडली तिची दुसरी आवृत्ती हद्दीत राहील, याची हमी कोणती? शिवाय प्रतिनिधी किती, मते कशी मोजावयाची, प्रस्ताव किती मतांनी मंजूर व्हावा, यांविषयी पाचवे कलम मौन पाळते. आणि प्रत्येक राज्यास एकेक मत मिळाले तर सहा लाखांहून कमी वस्तीचे वायोमिंग आणि जवळजवळ चार कोटी वस्तीचे कॅलिफोर्निया एकाच तराजूत तोलले जातील. या पक्षास थोर नावांचाही आधार आहे. दुसऱ्या परिषदेच्या कल्पनेने १७८८ साली फिलाडेल्फियाच्या परिषदेतील अग्रणी सभासद खुद्द मॅडिसन धास्तावले होते. आणि निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी १९८८ साली लिहिले की, अशा परिषदेस आवर घालण्याचा परिणामकारक उपाय नाही.

आता पहिल्या आक्षेपाचा विचार करू. १७८७ च्या परिषदेने एकमताची अट मोडली, हे खरे आहे, आणि ते नाकारणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पण ती मोडण्याचे सामर्थ्य परिषदेच्या ठायी नव्हते. ५५ सभासदांपैकी ३९ जणांनी सह्या केलेला तो कागद, कोणी स्वीकारीपर्यंत, केवळ एक सूचना होता. काँग्रेसने २८ सप्टेंबर रोजी तो राज्यांकडे धाडला. राज्याराज्यांतून प्रतिनिधींच्या सभा भरल्या, मसुद्याचे शब्दन् शब्द पारखले गेले. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरच्या रूपाने नववे राज्य मिळाले. आणि परिषदेस एकही प्रतिनिधी न पाठविलेल्या ऱ्होड आयलंडनेही २९ मे १७९० रोजी होकार दिला, तेव्हा जुन्या करारनाम्यातील तेरांचे एकमतही, उशिरा का होईना, पुरे झाले. परिषद बेफाम झाली म्हणून घटना बदलली, असे म्हणणे म्हणजे अर्ज लिहिणाऱ्यास निकाल देणारा समजणे होय. आजच्या परिषदेच्या हातीदेखील सूचनेपलीकडे काही नाही. मान्यता विधिमंडळांकडून घ्यावयाची की राज्यांतील परिषदांकडून, हे ठरविण्याची सत्तासुद्धा पाचव्या कलमाने काँग्रेसकडे ठेवली आहे.

त्या मान्यतेची भिंत किती उंच आहे, हे प्रतिपक्ष विसरतो. ३८ राज्ये हवीत, म्हणजे १३ राज्यांचा नकार पुरेसा आहे. नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्याचे विधिमंडळ दोन सभागृहांचे असून ५० राज्यांत मिळून ९९ सभागृहे आहेत; विधिमंडळांची पद्धत स्वीकारल्यास १३ राज्यांतील एकेक सभागृहदेखील कोणतीही दुरुस्ती अडवू शकते. ज्या देशात दोन पक्षांची ताकद जवळजवळ तुल्यबळ आहे, त्या देशात एका पक्षाचा लहरी प्रस्ताव या भिंतीवरून उडी मारील, हे संभवनीय नाही. स्त्री-पुरुषसमतेची दुरुस्ती काँग्रेसने १९७२ साली दोन-तृतीयांश मतांनी मंजूर करूनही ठरलेल्या मुदतीत ती ३८ चा आकडा गाठू शकली नाही, हे उदाहरण फार जुने नाही.

मॅडिसन यांच्या भीतीविषयीही पूर्ण सत्य सांगितले पाहिजे. त्यांची धास्ती होती ती घटनेची शाई वाळण्यापूर्वीच तिच्या विरोधकांच्या पुढाकाराने भरणाऱ्या सर्वसाधारण परिषदेविषयी. त्या धास्तीतून निष्पन्न काय झाले? व्हर्जिनियाने आणि न्यूयॉर्कने परिषदेसाठी अर्ज केले. ते अर्ज काँग्रेससमोर आले. आणि ८ जून १७८९ रोजी मॅडिसन यांनीच नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या प्रतिनिधिगृहात मांडल्या, त्यांपैकी दहा १७९१ च्या डिसेंबरात घटनेत दाखल झाल्या. भाषणस्वातंत्र्याची आणि धर्मस्वातंत्र्याची ज्या सनदेवरून अमेरिका जगात ओळखली जाते, ती सनद मिळण्यात त्या न उघडलेल्या दारावरील थापेचाही वाटा आहे.

तशीच थाप पुढे एकदा पडली. सिनेटर पूर्वी राज्यांची विधिमंडळे निवडीत. जनतेने ते थेट निवडावेत, असा ठराव प्रतिनिधिगृहाने पुनःपुन्हा मंजूर केला आणि सिनेटने तो पुनःपुन्हा गाडला, कारण त्यात सिनेटरांचीच आसने डळमळत होती. परिषदेच्या अर्जांची संख्या दोन-तृतीयांशाच्या जवळ येऊ लागली तेव्हा सिनेट नमली. १९१२ साली दुरुस्ती सुचविली गेली आणि १९१३ साली ती सतरावी दुरुस्ती झाली. येथे मेसन यांचा सवाल अक्षरशः खरा ठरला: ज्या सुधारणेने सत्ताधाऱ्याचे हित दुखावते, ती सत्ताधारी आपण होऊन सुचवीत नाही.

हा सवाल आजही जिवंत आहे. काँग्रेसच्या सभासदांच्या कारकिर्दीस राज्यांनी कालमर्यादा घालू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. म्हणजे मर्यादा घालावयाची तर घटनेतच घातली पाहिजे. त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात तशी दुरुस्ती मतास टाकली गेली आणि २२७ विरुद्ध २०४ मते पडून दोन-तृतीयांशाअभावी ती पडली. ही मर्यादा इष्ट की अनिष्ट, हा निराळा प्रश्न आहे. पण ज्याची मुदत ठरवावयाची त्याच्याच सहीवाचून मुदत ठरू नये, ही व्यवस्था कोणत्या न्यायात बसते? काँग्रेसमध्ये आजवर ११,००० हून अधिक दुरुस्त्या मांडल्या गेल्या. परंतु १९७१ सालच्या, अठरा वर्षांच्या तरुणांस मताधिकार देणाऱ्या दुरुस्तीनंतर काँग्रेसने नव्याने सुचविलेली एकही दुरुस्ती घटनेत दाखल झालेली नाही. १९९२ साली मान्यता पुरी झालेली सत्ताविसावी दुरुस्ती सुचविली गेली होती १७८९ साली. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या घटनेस काळाचा स्पर्श होऊ शकत नाही, ती तेवढ्यावरून सुदृढ ठरत नाही; गोठलेले पाणीही स्थिरच दिसते.

राहिला नियमांच्या मौनाचा आक्षेप. हा मात्र सार्थ आहे, आणि परिषदेचे उतावळे पुरस्कर्ते तो टाळतात, म्हणून आता त्यांच्याकडे वळले पाहिजे. त्यांच्यापैकी काही जण जमाखर्चाच्या तोंडमिळवणीसाठी आलेल्या अर्जांत शतकापूर्वीचे, निराळ्याच कारणाने केलेले सर्वसाधारण अर्ज मिळवून ३४ ची बेरीज दाखवू पाहतात. मेलेल्या पिढीच्या सह्या जिवंत पिढीच्या दरखास्तीखाली डकविण्याचा हा हिशेब घटनेच्या विश्वासास सुरुंग लावणारा आहे. मेसन यांना हवी होती ती जनतेची प्रकट इच्छा. जुन्या दप्तरातून चाळून काढलेला आकडा म्हणजे इच्छा नव्हे. अशा बेरजेवर बोलावलेल्या परिषदेची वैधता निम्मा देश मानणार नाही, आणि मग प्रतिपक्षाची भीती खोटी असूनही खरी होईल.

उपाय नवा नाही. उत्तर कॅरोलायनाचे सिनेटर सॅम अर्व्हिन यांनी परिषदेच्या कार्यपद्धतीचे विधेयक आणले; सिनेटने ते १९७१ साली ८४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले आणि १९७३ साली पुन्हा मंजूर केले; प्रतिनिधिगृहाने ते पुढे नेले नाही. जे लोक नियम नाहीत म्हणून परिषद नको म्हणतात, त्यांनी नियम करण्याचा आग्रह धरला असता तर त्यांच्या भीतीस अर्थ राहिला असता. तहान लागल्यावर विहीर खणणे जितके व्यर्थ, तितकेच विहीर नाही म्हणून पाण्यावर रागावणेही व्यर्थ. ३४ वा अर्ज दारात उभा राहील त्या दिवशी केलेला कायदा पक्षपाती ठरेल. आज, कोणाचा विषय आधी पोचेल हे कोणासच ठाऊक नसता केलेला कायदा न्याय्य ठरेल.

त्या कायद्यात चार गोष्टी असाव्यात. एकाच विषयाचे आणि ठराविक मुदतीतलेच अर्ज एकत्र मोजले जावेत, आणि ३४ चा आकडा पुरा होईपर्यंत अर्ज मागे घेण्याचा राज्यांचा हक्क स्पष्ट असावा. प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी त्याच्या सिनेटर व प्रतिनिधिगृहातील सभासदांच्या बेरजेइतके असावेत, म्हणजे वायोमिंग-कॅलिफोर्नियाचा आक्षेप बराचसा विराम पावेल. प्रस्तावास परिषदेतही दोन-तृतीयांश मते लागावीत. आणि बैठका उघड्या भराव्यात, कारण १७८७ ची बंद दारे आज कोणी सहन करणार नाही. प्रतिनिधीने आपल्या राज्याने ठरविलेल्या विषयाबाहेर जाऊ नये, यासाठी इंडियानाने २०१३ साली कायदा केलाच आहे. आणि अध्यक्षाच्या निवडणुकीतील निर्वाचकांस राज्ये बांधून घेऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एकमताने सांगितल्यावर, प्रतिनिधींस बांधणे अशक्य आहे, हे म्हणणे लंगडे पडते. काँग्रेसनेच नियम केले तर मेसन यांची हरकत पुन्हा उभी राहते, असे कोणी म्हणेल. म्हणूनच हा कायदा मोजणी, रचना आणि मुदत यांपुरताच असावा. कोणत्या विषयास परिषद मिळावी, हे ठरविण्याचा अधिकार काँग्रेसने त्यात ठेवू नये. परिषद बोलावणे हे काँग्रेसचे कर्तव्य आहे, तेथे तिच्या मर्जीस वाव नाही, हे फिलाडेल्फियाच्या परिषदेचेच एक सभासद हॅमिल्टन यांनी १७८८ सालीच सांगून ठेवले आहे.

मराठी वाचकास हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सांगितले होते की, परिषद वा सार्वमत यांसारख्या अवघड पद्धती या मसुद्याने वगळल्या असून दुरुस्तीची सत्ता कायदेमंडळांकडेच ठेवली आहे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जेफर्सन यांच्या विचाराचा हवाला देऊन त्यांनी प्रत्येक पिढीस स्वतंत्र राष्ट्राची प्रतिष्ठा दिली आणि अमेरिकेतील दुरुस्तीच्या अटी असाधारण असल्याचे नमूद केले. म्हणजे परिषदेवाचूनही घटना जिवंत राहू शकते, हे बाबासाहेबांना मान्य होते. पण कोणती तरी एक वाट चालण्याजोगी असलीच पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. अमेरिकेत पहिली वाट अर्धशतकाहून अधिक काळ ओस पडली आहे आणि दुसरीवर कोणी पाऊल टाकू धजत नाही. ही स्थिती जेफर्सन यांच्या तत्त्वाशीही विसंगत आहे आणि मेसन यांच्या हेतूशीही.

त्या १५ सप्टेंबरच्या बैठकीत मॅडिसन यांनी परिषदेच्या तरतुदीस विरोध केला नाही. तिचे स्वरूप कोणते आणि गणपूर्ती किती, याविषयी पुढे अडचणी उद्भवतील, एवढीच शंका बोलून दाखविली. परिषद उरकण्याच्या घाईत त्या शंकेचे उत्तर लिहावयाचे राहून गेले. ते उत्तर लिहिण्यास घटना बदलावी लागत नाही, परिषद भरवावी लागत नाही, ३८ राज्यांची मनधरणी करावी लागत नाही. काँग्रेसच्या दोन सभागृहांचा एक साधा कायदा पुरतो, आणि त्यांपैकी एका सभागृहाने तो दोनदा मंजूर करून दाखविला आहे. परिषदेचे भय बाळगणाऱ्यांनी आणि परिषदेची घाई करणाऱ्यांनी, दोघांनीही, प्रथम या एकाच मागणीखाली सही करावी.