पुळणीचा हिशेब

ताम्हिणी, वरंधा उतरून पुणेकर कोकणात जातो तो पुळणीसाठी. पण या किनाऱ्यावर चिखलही भरपूर आहे. खाडीत शिरलं की कांदळवन, खाजण आणि पोटरीपर्यंत रुतवणारा गाळ; मुखाबाहेर, दोन डोंगरांच्या बेचक्यात मात्र स्वच्छ वाळू. ही निवड लाटा करतात. बारीक गाळ तरंगत शांत पाण्यात जाऊन बसतो, जड कण आणि शिंपल्यांचा चुरा किनाऱ्यावर राहतो. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवून पाहा, लोहखनिजाचे कण त्याला केसांसारखे चिकटतात.

पावसाळी लाटा पुळण खरवडून वाळू उथळ समुद्रात नेतात; ऑक्टोबरनंतरच्या मवाळ लाटा ती हळूहळू परत आणतात. केळशीला भारजा नदीच्या मुखाजवळ तर वाळूची अख्खी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी तिचे थर तपासले आणि त्यांचा संबंध १५२४ च्या सागरी आपत्तीशी जोडला. त्यावर वाद आहे, पण टेकडी जपलीच पाहिजे.

आणि आपण काय करतो? खाडीतली वाळू उपसतो, मग किनारा खचला म्हणून दगडी बंधारा घालतो. बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळूही ओढून नेते. वेळासला कासवं अंडी घालतात ती मोकळ्या वाळूत, दगडांत नव्हे. निदान बंधारा मंजूर करण्यापूर्वी पुळणीची मोजणी पावसाळ्याआधी आणि नंतर, सलग काही वर्षं व्हावी, आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत.